वाळूच्या दोन थैल्या

पडदा वर जातो. समोर तीन मजल्यांचा दगडी जिना. चौकोनी वळणं घेत वर जाणारा, मधोमध विहिरीसारखी पोकळी. छताच्या तुळईला लोखंडी कप्पी, तिच्यावरून खाली सोडलेला जाड दोर. दोराच्या एका टोकाला खाट, दुसऱ्या टोकाला वाळूच्या दोन थैल्या. उजेड फक्त झरोक्यातला, कारण युद्धामुळे सगळ्या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले.

हे नेपथ्य आमच्या कप्पीचं. खरं नाव त्याच्या पगाराच्या कागदावर असेल. आम्ही सगळे त्याला कप्पीच म्हणायचो. एकतीस वर्षं त्याने आमच्या नाटक कंपनीचे पडदे ओढले. आकाशातून उतरणाऱ्या परीचं वजन तो कधी विचारायचा नाही. एकदा बघायचा, समोरच्या थैलीत वाळू भरायचा, आणि परीचा पाय पायरीवरून उतरावा तसा अलगद टेकायचा. मी रंगमंचावर शेकडो वेळा मेलो असेन. दर वेळी टाळ्या ओसरेपर्यंत पडदा रोखून धरणारा तोच. माझ्या नावावर जमा झालेल्या निम्म्या टाळ्या त्याच्या मनगटाच्या आहेत.

तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा, मी तळमजल्यावर. वहिनींच्या पोटात गाठ निघाली आणि त्याच महिन्यात विमानं येऊ लागली. भोंगा वाजल्यापासून सहा मिनिटांत तळघर गाठायचं. वहिनींना उचललं की कळ मस्तकात जायची, म्हणून कप्पीने हे यंत्र उभारलं. वहिनी खाटेसकट थैल्यांपेक्षा दोनच किलो जड. दोर बोटांतून सोडत राहायचं, खाट आपोआप खाली. वर नेताना थोडा जोर लावला की झालं.

पहिल्यांदा उतरताना वहिनी म्हणाल्या, "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना स्वर्गातून उतरवलंत. आता कुठे माझा नंबर लागला!"

"हलू नकोस. प्रेक्षक हसतील," कप्पी म्हणाला.

असे पाच महिने गेल्यावर डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, महिना, फार तर सव्वा. मुलगा आघाडीवर. घरचं माणूस शेवटच्या आजारात असेल तरच पलटण सुट्टी देत होती, आणि त्या अर्जावर घरच्या कर्त्या माणसाची सही लागायची. वहिनींना एकच हवं होतं, त्याला एकदा बघायचं. अर्ज तीन आठवडे कप्पीच्या सदऱ्याच्या खिशात घडी होऊन पडला होता.

"बाबा, सही करा ना."

"कशाला? आहे तशीच आहे ती. उगाच पोराच्या जिवाला घोर."

मुलगी मला हळूच म्हणाली, "काका, पूर्वी आईला उतरवताना बाबा दोर नुसता सोडायचे. हल्ली ओढतात. घाम फुटतो त्यांना. आणि वाळू काढायला सांगितलं तर अंगावर येतात."

मला वाटलं, म्हातारा झालाय.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. रात्री दिवे लावायची बंदी, म्हणून नाटकं दुपारी चालत. कप्पी थिएटरात होता. मी वहिनींना पेपर वाचून दाखवत होतो आणि भोंगा वाजला.

मुलीने खाट पोकळीवर ढकलली, मी कठड्याचा फास सोडला. खाट खाली जायच्या ऐवजी वर गेली. चांगली हातभर. खाली थैल्या धप्पकन जमिनीवर बसल्या आणि वहिनी तीन मजल्यांच्या पोकळीवर झोके घेत राहिल्या.

"ओढा, काका!"

आम्ही दोघांनी दोर ओढला. माझा उजवा खांदा केव्हाच निकामी झालेला. दोन हात खाली आली आणि दोर निसटून पुन्हा वर. मुलीच्या तळव्यांतून रक्त आलं. खाट आता परत जिन्यावर घेता येईना, खालीही जाईना. विमानांची घरघर ऐकू यायला लागली.

"तुम्ही दोघं खाली जा," वहिनी वरून म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "भाऊजी, हिला घेऊन जा. माझी शपथ आहे."

"आई, गप्प बस!"

तेवढ्यात खालचं दार आदळलं. प्रयोग अर्धा टाकून कप्पी धावत आला होता. त्याने वर पाहिलं. मग जमिनीवर टेकलेल्या थैल्यांकडे पाहिलं. मी वरून ओरडत होतो, "वर ये, दोर ओढ!" पण तो जागचा हलला नाही. किती वेळ? दोन श्वास असतील. मला तो एक अख्खा अंक वाटला.

मग त्याने कमरेची सुरी काढली आणि थैली फाडली.

वाळू सळसळत सांडू लागली. तो थैली हाताने उचलून तोलत होता, पुन्हा सोडत होता. एक निम्मी रिकामी झाली, मग दुसरीही फाडली. वाळूचा ढीग त्याच्या घोट्यापर्यंत आला, तरी पुरेना. कुठेतरी जवळ स्फोट झाला, झरोक्याची काच खळकन फुटली. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. अजून थोडी सांडली, अजून थोडी, आणि दोर माझ्या हातात जिवंत झाला. खाट खाली निघाली. कप्पीने गळ्यातला रुमाल फाटलेल्या दोन्ही थैल्यांभोवती करकचून बांधला आणि खाली येणाऱ्या खाटेखाली दोन्ही हात धरून उभा राहिला.

तळघरात कंदील होता. वरची घरघर दूर गेली तेव्हा वहिनींनी विचारलं, "अहो, किती काढलीत?"

तो इतके दिवस सगळ्यांशी खोटं बोलला होता. पण वजनाच्या बाबतीत खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बावीस किलो."

वहिनींनी मान हलवली. "मला माहीत होतं. पाठीला खाटेच्या दोऱ्या लागतात."

कप्पीने खिशातून अर्ज काढला, गुडघ्यावर सपाट केला आणि सही केली. हाताला वाळू लागली होती, ती कागदावर सांडली, त्याने फुंकली. मग अर्ज मुलीकडे दिला.

"रुग्णाची सद्यस्थिती, असा रकाना आहे," मुलगी म्हणाली. तिच्या तळव्याला माझा रुमाल गुंडाळलेला होता, पेन नीट धरता येत नव्हतं. "काय लिहू, बाबा?"

"लिही, ये म्हणावं. लगेच निघ."

"बाबा, हा अर्ज त्याला नाही, साहेबांना जातो."

कप्पीने वहिनींच्या पाठीखाली आपला कोट सरकवला.

"मग साहेबांना लिही, माझा अंदाज चुकला."