जखम भरेपर्यंत बायपास नाही

"यांना अटॅक येऊन गेलाय," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"कुणाला?" पप्पांनी विचारलं. तपासणीच्या टेबलावर तेच झोपले होते.

"तुम्हाला, काका. काही महिने झाले असतील."

"काय बोलता साहेब! अटॅक आला असता तर मला कळलं नसतं का?"

"शुगर किती वर्षांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. पप्पा छताकडे बघायला लागले. मग मीच सांगितलं, मी शाळेत होते तेव्हापासून.

काळेवाडीत आमच्या घराचा जिना चढताना त्यांना दम लागायचा. ॲसिडिटी आहे म्हणून ते सोडा प्यायचे. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं होतं. तिथं कळलं की सायलेंट हार्ट अटॅक, म्हणजे न दुखता आलेला झटका, असाही असतो. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. मग हृदय कळवळत असलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर छातीत दुखायची वाट बघू नका. कारण नसताना घाम, धाप किंवा वेगळाच थकवा जाणवला तर ईसीजी काढा.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तरी 'इजेक्शन फ्रॅक्शन' ऐकून माझी पाटी कोरीच राहिली. म्हणून सरळ विचारलं, मराठीत सांगा. हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर ढकलतं, त्याचं ते माप. पप्पांचं बरंच कमी होतं.

आता वाढलेली शुगर इतकी वर्षं लपली कशी, तर कंपनीच्या वार्षिक मेडिकलमुळे. पप्पा चाकणला लोखंड कापणाऱ्या सीएनसी मशीनवर आहेत. मेडिकलची तारीख लागली की तिथले सगळे शुगरवाले एकदम शहाणे होतात. गोळ्या वेळेवर, चहा बंद, कारल्याचा रस. उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला येतो आणि त्याच दिवशी कँटीनमध्ये जिलेबी खातात. भीती एकच, अनफिट लिहिलं तर मशीनवरून काढून कुठंतरी बसवतील. पप्पा दरवर्षी पास झाले. इथं हॉस्पिटलात एचबीएवनसी काढली, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी. तिला चार दिवसांचा शहाणपणा चालत नाही.

अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही रक्तनळ्या अडलेल्या निघाल्या, एक अगदी मुळाशी. बायपास लवकर करायची ठरली. सर्जन बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी पप्पांना मोजे काढायला लावले.

"पायाला काय झालंय?"

"काही नाही मॅडम."

अंगठ्याखाली काळपट खड्डा पडला होता, आतून पू येत होता. आईने तोंडावर पदर घेतला. मी घरी जाऊन त्यांचे सेफ्टी शूज बघितले. मशीनवर लोखंड कापताना उडणारी एक वळलेली, धारदार चिप बुटाच्या तळातून आत आली होती. पप्पा तिच्यावर उभं राहून शिफ्ट करत होते. हृदयाचं दुखणं जसं कळलं नाही, तसंच हेही.

"ही जखम भरेपर्यंत बायपास नाही," सर्जन बाई म्हणाल्या. "छातीचं हाड कापावं लागतं. हे जंतू तिथं पोचले तर माणूस हातचा जाईल."

"आणि थांबलो तर?" मी विचारलं.

"थांबण्यातही धोका आहे. म्हणून घरी सोडत नाही."

मग सुरू झालं वाट बघणं. इन्सुलिन, अँटिबायोटिक, ड्रेसिंग. रोज सिस्टर पट्टी सोडायच्या आणि आम्ही दोघी मायलेकी त्यांचा चेहरा वाचायचो. जखम होती तशीच. शेजारणीने हळद भरा म्हणून फोनवर सांगितलं. आई ऐकणार होती, मी फोन काढून घेतला. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्या दिवसांत एक तरुण डॉक्टर पप्पांकडे आले. शुगर असलेल्या हृदयरोग्यांच्या इम्यून सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, यांचा ते अभ्यास करत होते. त्यांना रक्ताची एक नळी हवी होती.

"माझ्या काय कामाला येईल?" पप्पांनी विचारलं.

"तुमच्या नाही येणार, काका. पुढच्यांच्या कदाचित येईल."

हे सरळ उत्तर मला आवडलं. मी त्यांना बसवूनच घेतलं. जखम का भरत नाही, विचारलं. ते म्हणाले, पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल असतात, त्या जंतू मारायला धावतात. शुगर वाढली की त्या सुस्तावतात. दुसऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे घाण खाणाऱ्या पेशी. त्यांनी आधी साफसफाई करायची आणि मग पवित्रा बदलून दुरुस्तीला लागायचं. शुगरमध्ये तो बदल वेळेवर होत नाही.

"म्हणजे पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आलाच नाही," पप्पा म्हणाले. "पहिली शिफ्ट सुटेना, दुसरी आत येईना."

"अगदी तसंच. आणि पहिलीवाले वैतागून तोडफोड करत बसलेत," डॉक्टर हसले. "हृदयाच्या नळीतही हेच. तिथं साचलेली चरबी खायला या पेशी जातात, फुगून तिथंच अडकतात, सूज वाढवतात. जिथं लढायचं तिथं ढिल्या, जिथं गप्प बसायचं तिथं भांडखोर."

"आमच्या युनियनसारखं," पप्पा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी पप्पांना दरदरून घाम फुटला. सिस्टर धावल्या, ईसीजी लावला. "दुखतंय का?" प्रत्येक जण विचारत होता. पप्पा नाही म्हणत होते. पूर्वी त्यांच्या नाहीवर आम्ही निर्धास्त झोपायचो. त्या सकाळी मी सिस्टरना म्हटलं, त्यांच्या नाहीवर जाऊ नका. इंजेक्शनांवर ते सावरले, पण सर्जन बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता फार वेळ नाही आपल्याकडे."

शुगर मात्र हळूहळू ताब्यात येत होती. एक दिवस ड्रेसिंगच्या सिस्टरनी आम्हाला स्वतःच बोलावलं. खड्ड्याच्या तळाला लालसर, दाणेदार मांस दिसत होतं. "बघ," त्या म्हणाल्या, "मांस धरतंय." एवढ्यावर मी त्यांच्या गळ्यात पडले. सर्जन बाईंनी रिपोर्ट पाहिले आणि तारीख दिली.

ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या खुर्च्यांवर आई आणि मी हात धरून बसलो होतो. आयसीयूत पप्पांना नळ्यांनी बांधलेलं पाहिलं तेव्हा ओळखू आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं बोट दाबलं. त्या सिस्टर, त्या सर्जन बाई, यांचं ऋण मी मानते. पण पप्पा बरे झाले असं म्हणणार नाही. घरी सोडताना सर्जन बाईंनी सांगितलं, "रक्ताला रस्ता नवा करून दिलाय. पेशी त्याच आहेत. शुगर वाढली की त्या पुन्हा तेच करतील." हे वाक्य घेऊनच आम्ही राहतोय.

पप्पांच्या डिपार्टमेंटची माणसं भेटायला आली. पप्पा गादीवरूनच म्हणाले, "मोजे काढा सगळ्यांनी."

"काय राव, वास मारंल," निघोज्याचे दत्ताभाऊ म्हणाले. त्यांना शुगर आहे. "मी ठणठणीत हाय. औंदा पण मेडिकल पास."

"पास मीपण होतो. काढ."

हसत-हसत सगळ्यांनी काढले. पप्पांनी दत्ताभाऊंचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. टाचेला खोल चीर होती, कडेने ओली. पप्पांनी अंगठ्याने तिच्या बाजूला जोरात दाबलं.

"दुखतंय?"

"न्हाई."

दत्ताभाऊ पाय वळवून स्वतःची टाच बघायचा प्रयत्न करत राहिले.

"प्रज्ञा," पप्पा मला म्हणाले, "गाडी काढ. याला हॉस्पिटलात घेऊन जा."