पोटनिवडणूक

पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात कायदेमंडळाची पोटनिवडणूक होती. आमच्या निजामी मुलखात मतदान कुणी पाहिलंच नव्हतं. सेनगावच्या बाजारात एका अनोळखी ढेरपोट्या माणसानं मला विचारलं, "पोटनिवडणूक म्हंजे काय हो, भाऊ?"

मी गंभीर तोंडानं सांगितलं, "ज्याचं पोट मोठं, तो निवडून येतो."

मतदानादिवशी तो खरंच नदी उतरून गेला. गंमत बघायला मीही मागोमाग गेलो. केंद्रावर त्यानं सदरा वर केला, पोटावर थाप मारली अन् म्हणाला, "मोजा, बराबर मोजा."

बंदोबस्तावरचा जमादार खवळला. "कोनं पाठवलं तुले? सांग, नाही तं आत टाकतो."

मी गर्दीत मागं सरकलो. ढेरपोट्यानं एकवार माझ्याकडं पाहिलं, पोटावरून हात फिरवला. "राहू द्या साहेब. पोटातली गोष्ट हाय."

त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मी मात्र गर्दीतून गुपचूप घरी पळालो.