मी न निवडलेली गाणी

आमच्याकडे माणसाला काढायचं असेल तर आधी त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक फूल, आणि फोटोत सगळ्यांनी हसायचं. माझाही झाला. बारामतीतल्या एका संस्थेच्या ऑनलाइन रेडिओवर मी रोज संध्याकाळी तासभर गाणी लावायचे. तो तास माझ्याकडून काढून घेतला, त्याच दिवशी मला शाल मिळाली. फोटोत मी हसलेली नाही. तेवढं बघून ठेवलंय मी.

मी मूळची सणसरची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. बी.कॉम. झाले, बारामतीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. हे कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते मला कुणी दिलेलं नाही. गाण्यातलं माझं शिक्षण शून्य. लहानपणी कानावर पडायची ती उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी आणि लग्नातल्या डीजेची. गाणी आवडतात की नाही असा प्रश्नच नव्हता. ती धुळीसारखी अंगावर यायची.

हॉस्टेलला असताना एका मैत्रिणीनं फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. पडद्यावर पृथ्वीचा गोळा यायचा, तो बोटानं फिरवायचा आणि कुठल्याही ठिपक्यावर थांबलं की तिथला रेडिओ सुरू. असंच फिरवता फिरवता कुठल्याशा बेटावर थांबले. एक म्हातारी बाई बोलत होती. भाषेतला एक शब्द कळत नव्हता. ती मध्येच खोकली, स्वतःवरच हसली, काहीतरी समजावून सांगितल्यासारखं बोलली आणि मग गाणं लावलं. गाणं बरं होतं, पण माझ्या डोक्यात ती बाईच राहिली. हे गाणं तिनं मुद्दाम लावलंय, कुणाला तरी ऐकवायचंय म्हणून लावलंय, एवढं मला भाषा न येता कळलं. त्याआधी फोन मला गाणी द्यायचा, पण कालचं ऐकलं तसलंच आज. आपण भात मागितला म्हणून जन्मभर भातच वाढणारं घर असावं तसं.

संस्थेनं रेडिओ काढला तेव्हा बोलणारी माणसं हवी होती. मी गेले. आवाज बघितला, घेतलं. ऑफिस सुटलं की संस्थेच्या इमारतीत जायचं, वरच्या मजल्यावर भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत बसायचं आणि तास करायचा. मी दिवसभर कानात इअरफोनचं एक बोंड घालून परमुलखातले रेडिओ ऐकायचे. शंभर गाण्यांतलं एखादं धरायचे. ते नुसतं लावलं तर आमची माणसं बंद करणार, हे मला माहीत होतं. म्हणून त्याच्या अलीकडं आणि पलीकडं आपल्याकडची ओळखीची गाणी लावायची, पण अशी की तिघांची चाल जवळची पाहिजे. वाळवंटातल्या लोकांचं टाळ्यांचं गाणं असेल तर आधी आपली लेझीम. मग मी सांगायचे, हे मला कुठल्या रेडिओवर सापडलं, तिथला माणूस ते लावताना कसा बोलत होता, आणि मला त्यात काय ऐकू आलं. भाषा येत नसेल तर येत नाही म्हणायचे.

सणसरला आमच्या दूध संकलन केंद्रावर हा तास स्पीकरवर लागायचा. केंद्र चालवणाऱ्यानं फोन स्पीकरला जोडून ठेवलेला. फॅट काढायच्या मशीनपुढं किटल्या घेऊन रांग, आणि वर माझा आवाज. एका रविवारी तासाची गाणी आधीच भरून ठेवून मी गावी आले होते, तेव्हा रांगेत तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागं उभी राहून ऐकलं. एक लांबलचक हाक मारल्यासारखं गाणं सुरू झालं.

"गडी रडतुय का गातुय?" कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या म्हशीला इचार. तिला कळंल, लगी कान टवकारंल बघ."

"दूध चोरंल ती असल्या गाण्यानं."

"तुझी काय गाण्याबिगर देती व्हय बादलीभर?"

रांग हसली. पण कुणी बंद कर म्हणालं नाही. गाणं संपल्यावर ज्यानं रडतुय का विचारलं होतं तोच म्हणाला, "मागच्या आठवड्यातलं ढोलकीवालं बरं हुतं, त्ये लावाया सांगा की तात्या पोरीला." मागच्या आठवड्यातलं म्हणजे पार समुद्रापलीकडचं. पदवी मिळाली तेव्हापेक्षा मला त्या दिवशी जास्त आनंद झाला. तात्या किटली घेऊन ताठ उभे होते.

माझा सगळ्यात पक्का श्रोता निमगाव केतकीचा. बायकांचे कपडे शिवणारे एक चाचा. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. रेडिओच्या नंबरवर त्यांचे आवाजी निरोप यायचे, मागं शिलाई मशीन चालू. "ताई, आजचं तिसरं गाणं लई पानचट. दुसरं मातुर काळजात बसलं. त्यो जो तारा छेडतोय त्यो म्हातारा असणार, जवान मानूस येवढा थांबत न्हाय." मी शोधायचे, तर खरंच म्हातारा निघायचा. कधी नाहीही निघायचा. मी तसं सांगितलं की म्हणायचे, "मग त्येचा बाप म्हातारा असंल, त्येच्याकडनं शिकला." हार मानायची नाही. शिव्या दिल्यासारखं कौतुक करायचे आणि कौतुक केल्यासारख्या शिव्या द्यायचे. त्या निरोपांसाठी मी पुष्कळदा गाणं दोनदा तपासून घेतलं.

मध्ये तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मला सुट्टी हवी होती. रेडिओवरच्या तंत्रज्ञ पोरानं सांगितलं, "ताई, पाच-पन्नास वाक्यं बोलून ठेवा. तुम्ही नसाल तेव्हा जुनी गाणी लावून मध्ये मध्ये टाकतो." मी बसले आणि बोलले. 'ऐका, हे मी तुमच्यासाठी शोधून आणलंय.' 'हे गाणं मला फार दिवसांनी मिळालं.' 'याच्यानंतर लगेच बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.' मन लावून बोलले. सुट्टीत माझीच जुनी गाणी लागली, सगळं ठीक झालं, तात्यांचा डोळाही.

मग काही महिन्यांनी सरांनी, म्हणजे रेडिओ बघणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी, बोलावलं. समोर चहा आला तेव्हाच मला शंका आली.

"ताई, आता सॉफ्टवेअर घेतलंय आपण. लोक काय ऐकतात, कुठं बंद करतात, ते बघून आपोआप गाणी लावतं. तुमची ती बाहेरची गाणी आली की काही लोक निघून जातात."

"निघून गेलेले परत येतात का, ते बघतं का तुमचं सॉफ्टवेअर?"

"ते बघावं लागेल."

"मग बघा आणि बोलवा मला."

"अहो, चिडता कशाला? तुमचं योगदान संस्था विसरणार नाही."

विसरणार नाही म्हणजे शाल. पुढच्या आठवड्यात ती मिळाली. तात्या बारामतीला आले होते सत्काराला, नवी टोपी घालून. त्यांना वाटलं, पोरगी वर चढली. परतताना स्टँडवर मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "तात्या, काढलंय मला." ते म्हणाले, "शाल घालून कुणी काढतंय व्हय?" आणि बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन. मागं किटल्यांचा आवाज.

"खोटं कशाला बोलतीस गं? आत्ता बोललीस की तू."

"मी अजून ऑफिसात आहे, तात्या."

"आगं, शोधून आणलंय म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं हितं."

मी फोनवर रेडिओ लावला. माझा आवाज आला, हसरा, ताजा. 'हे गाणं मला फार दिवसांनी मिळालं.' आणि त्याच्यामागून वर्षभर प्रत्येक वरातीत वाजलेलं गाणं. मग पुन्हा मी. पुन्हा तसलंच गाणं. मी ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसले होते आणि तिकडं मी लोकांना सांगत होते की हे मी शोधून आणलंय. मी तात्यांना समजावलं, की ते जुनं बोलणं आहे, गाणी मशीन लावतंय.

"आवाज तुझाच हाय न्हवं?"

"हो, पण..."

"मग झालं तर."

केंद्रावरही कुणाला फरक वाटला नाही. उलट तात्या सांगायचे, आता गाणी चांगली लावतीस म्हणतात लोक. हे ऐकून मला काय झालं ते मी लिहीत नाही. मी मनाशी एवढंच धरलं, की चाचांना तरी कळलं असेल.

ऑफिसच्या कामानं एकदा इंदापूरला गेले होते, येताना निमगावला उतरले. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत दुकान सापडलं. लांब दाढीचे, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ ब्लाऊजची बाही लावत होते. रेडिओ बंद होता. मी म्हणाले, "चाचा, ओळखलं का?" मशीन थांबलं. माझा चेहरा त्यांनी कधी बघितलेला नाही, पण आवाजानं कळलं.

"बसा," म्हणाले. ताई म्हणाले नाहीत.

चहा मागवला, तो आला, प्यायला. मग बोलले. "चार दिस ऐकलं. म्हनलं, आज न्हाय तर उद्या लावत्याल काय तरी. पाचव्या दिशी बंद केलं. तुमाला त्येच लावायचं हुतं तर लावायचं, लोकं लावत्यात. पर शोधून आणलं कशाला म्हणायचं? मी काय तुमाला येडा वाटलो?"

मी सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, सुट्टी, वाक्यं, शाल. त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एक बाई कपडे न्यायला आली, तिला उद्या ये म्हणाले.

"म्हणजे गाणी तुमची न्हायत."

"नाहीत."

"आणि आवाज तुमचा."

"हो."

"तुमाला ठावं हाय आवाज तितं चाललाय त्ये."

"हो."

"मग त्यो तितं अजून काय करतोय?"

तात्यांना गावात मान मिळतोय म्हणून चालू दिलं, हे त्या दुकानात बसून सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. म्हणाले, माझा आवाज काढा. ते म्हणाले, आवाज संस्थेसाठी दिलेला आहे. मी म्हणाले, सुट्टीसाठी दिला होता. ते म्हणाले, लोकांना आवडतंय, तुमचीच प्रसिद्धी होतेय, यात तुमचं काय जातंय?

"प्रत्येक गाण्याआधी मी खोटं बोलतेय तुमच्या रेडिओवर. हे जातंय."

"गाणी वाईट आहेत का?"

"माझी नाहीत."

"ताई, तुमच्या घरच्यांना तरी विचारलंत का? वडील किती खूश होते त्या दिवशी."

मी बसायला सांगितलेल्या खुर्चीवर बसले नाही. बाहेर लोक खोळंबले, आत डोकवायला लागले. शेवटी त्यांनी तंत्रज्ञाला फोन केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, काढून टाक यांचं.

चाचांना मी निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बरं केलं. आता आमी ऐकायचं काय त्ये बी सांगा." मी त्यांना सापडलेली गाणी अधूनमधून पाठवते. ते ऐकतात. पण मी त्यांच्याशी बोलते तेव्हा ते आता पूर्वीसारखी शिवी देत नाहीत, जपून बोलतात. ते मला बोचतं.

त्यानंतरच्या रविवारी गावी गेले. संध्याकाळी तात्यांबरोबर केंद्रावर गेले. स्पीकरवर एकामागून एक गाणी चालू होती, मध्ये कुणीच बोलत नव्हतं. रांगेतल्या एकानं विचारलं, "काय तात्या, पोरीला काढलं जणू?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "तिनंच सोडलं."

"का गं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, की गाणी मशीन लावत होतं आणि नाव माझं लागत होतं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. विचारणाऱ्यानं मान हलवली. "पर गाणी तर तीच चालू हायत की," तो म्हणाला, आणि त्याचा नंबर आला म्हणून किटली घेऊन पुढं झाला.

घरी येताना तात्या रिकामी किटली घेऊन माझ्या पुढं चालत होते. कालव्याच्या चारीवरच्या पुलावर थांबले.

"तुझ्या गाण्यातलं मला कवाच काय कळलं न्हाय. पर तुझा आवाज आला की लोकं मला म्हणायची, या तात्या, म्होरं या."

"तात्या, तो माझा आवाज होता. म्हणून काढला."

"तुझा हुता," ते म्हणाले. "माझा न्हवता व्हय?"

आणि किटली दुसऱ्या हातात घेऊन चालायला लागले.