किनवटची जीप, आवाजासकट

किनवट सोडलं तेव्हा ऊन नुकतंच सागाच्या शेंड्यांवर आलं होतं. त्या साली पाऊस फिरकला नव्हता. सागाला पान नव्हतं. एरवी झाडीत लपत असेल अशी एका वसतिगृहाची पांढरी भिंत रस्त्यावरून सरळ दिसत होती. जंगल इतकं उघडं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी औशाकडचा माणूस. शाळा तिसरीपर्यंत. आमची वाडी तेरणेच्या पलीकडं. लातूर नवा जिल्हा झाला आणि टँकर लवकर मंजूर झाला, ही गोष्ट खरी. आधी त्याच्यासाठी उस्मानाबादच्या खेपा घालाव्या लागायच्या. पण टँकर अलीकडच्या काठावरच थांबतो. पात्रात नुसती वाळू, ड्रायव्हर चाक घालायला तयार नाही. बायका घागरी घेऊन भर उन्हात पात्र ओलांडतात. एक जण पडली, तिचा पाय मोडला. तेव्हा वाडीनं ठरवलं, टँकरचं पाणी छोट्या टाकीत घ्यायचं आणि ती ओढायला चारी चाकांनी जोर लावणारी जीप आणायची. पारखायला मला धाडलं. मी फसत नाही असा गावाचा समज आहे. माझाही आहे.

जीप आमच्या अर्धापूरच्या व्याह्यांनी सुचवली होती. त्यांच्या ओळखीच्या लाकडाच्या ठेकेदाराची होती; जंगलात ओंडके ओढायची. ठेकेदार सरळ बोलला.

"आवाज करते थोडा. अर्धापूरला व्याह्यांच्या दारापर्यंत न्या. मन न्हाई भरलं तर तिथंच उभी करा, माझा माणूस घेऊन येईल. अर्धापूर सोडलं की गाडी तुमची. आवाजासकट."

चालवायला औशाचा गौस होता. ट्रक हाकण्यात त्याची हयात गेली, पण असली गाडी त्यालाही नवीच. गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. मी गौसला तो ओढायला लावला.

"आप्पा, रस्त्याला काय को पायजे हे?"

"चार चाकाची घेऊन दोनावर चालवायची का?"

"हाव. मालक तुम्ही."

हिमायतनगरपर्यंत रस्ता कच्चा, खड्ड्याखड्ड्यांचा. तिथं रेडिएटरला पाणी लागलं. एका घरापुढं मी तांब्या मागितला. बाई दारातूनच म्हणाली, "माणसाला का गाडीला?" मी गाडीला म्हणालो. ती आत गेली आणि भांडी घासलेलं पाणी घेऊन आली. "हे पेत असंल तर द्या." गाडी प्याली. तिच्या रांजणाकडं बघायचं धाडस आम्हाला झालं नाही.

भोकरच्या अलीकडं डांबर लागलं आणि जीपचं बिनसलं. वळणावर पुढची चाकं किंचाळायची, सगळा सांगाडा हादरायचा, सुकाणू दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. मी म्हणालो, टायर वाकडं. गौसनं पुढचं टायर काढून जादाचं बसवलं. फरक नाही. मग चाकाचे नट आवळले. तरी नाही. एका चहाच्या टपरीपुढं थांबलो. मी बाकावर बसलो, गौस उभ्यानंच चहा पीत माझ्याकडं बघत राहिला.

"आप्पा, नांगराला चार बैल जुंपता ना?"

"काळ्या रानात जुंपतो."

"आणि बाजाराला जाताना गाडीला?"

मी चहा बशीत ओतला. टपरीवाला हसला, त्याला काय कळलं देव जाणे. गौसनं आखूड दांडा ढकलून पाहिला तर तो अडकून बसलेला. मातीत चाक थोडं घसरून मोकळं होतं. डांबरावर पुढची आणि मागची एकमेकांना ओढत राहतात आणि त्या ताणात दांडा धरून ठेवतात. गौसनं जीप चार हात मागं घेतली. खाली धाडकन् वाजलं आणि दांडा लोण्यासारखा सुटला. हादरा गेला, सुकाणू हलकं झालं. नांगराचं मी सांगणारच होतो, पण चहा संपायचा होता.

हादरा गेला, तसा खाली दबलेला दुसरा आवाज वर आला. घर्रर्र, घर्रर्र. उतारावर गौसनं पाय उचलला की यायचा. आता मात्र त्यानं पद्धतशीर धरलं. गाडी उभी ठेवून इंजिन वाढवलं, तर आवाज नाही. पळत्या गाडीत गिअर काढला, तर आवाज आहे. म्हणजे इंजिनाचा नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी झुलवली, तरी आवाज तसाच. चाकाचं बेअरिंग असतं तर एका अंगाला वाढला असता, असं तो म्हणाला. राहिला मागचा आस. त्याच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, इंजिनाचा फेर त्यातल्या दातांनी चाकांकडं वळतो.

"ते दात झिजले असतील तर?"

"तर एक दिवस नदीत, टाकीसकट," गौस म्हणाला.

भोकर फाट्यावरून अर्धापूरला वळलो तेव्हा माझं मन परत द्यायच्या बाजूला झुकलं होतं. पण परत देणं म्हणजे व्याह्यांचा शब्द खाली पाडणं, आणि रिकाम्या हातानं पुन्हा त्या काठावर उभं राहणं. ठेवावी, तर वाडीचं पाणी एका झिजल्या दातावर.

अर्धापूर केळीचं गाव. त्या साली निम्म्या बागा वाळून उभ्या होत्या. शेतकरी केळीचे खांब तोडून गुरांना घालत होते, कारण खांबात पाणी असतं. व्याही गुरं घेऊन छावणीवर होते. घरी विहीणबाई होत्या. त्यांनी ज्वारीची भाकरी, कच्च्या केळाची भाजी आणि ठेचा वाढला. ठेचा मुद्दाम तिखट केलेला होता.

"पाव्हणं, डोळ्यातनं पाणी काढता का? साठवून न्या, वाडीला लागंल."

जेवण झाल्यावर व्याह्यांची भाकरी पोचवायला त्या जीपमध्ये मागं बसल्या, बरोबर त्या गोळ्यावर. शेताच्या उताराला लागताच गौसनं पाय उचलला. घर्रर्र.

"हिची वैरण संपली हाय," विहीणबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. "दुष्काळात सगळ्यांचीच संपली. पण जीप कधीपासून वैरण खायला लागली?"

"कडब्याची न्हवं हो. जात्याची." (जात्याच्या तोंडात घालायच्या मूठभर दाण्यालाही वैरण म्हणतात.) "दाणं संपलं की रिकामं जातं असंच घरघरतं. मूठ घातली की गप. तुमच्या घरात पीठ आपोआप पडतं वाटतं?"

गौस आरशातून माझ्याकडं बघत होता.

"मग फुटल्या जात्याचा आवाज कसा येतो?" मी विचारलं. हरवायचं म्हणून नव्हे, विचारायचं म्हणून.

"फुटकं जातं दाणं घातल्यावर जास्त ओरडतं. घालून बघा की."

शेतात केळीच्या खांबांनी भरलेली बैलगाडी उभी होती, छावणीवर न्यायची. बैल इतके खंगले होते की त्यांना जुंपावंसं कुणालाच वाटत नव्हतं. गौसनं ती गाडी दोरानं जीपमागं बांधली. एक गडी धुरेवर बसला, मी जीपमागं पायी चाललो, कान गोळ्याकडं करून. चढ होता, ढेकळं होती. जीपनं ओझं उचललं आणि घरघर बंद झाली. छावणीपर्यंत इंजिनाशिवाय दुसरा आवाज ऐकू आला नाही.

तिथं गौस खाली झोपला, गोळ्याचं बूच काढून आत बोट घातलं. तेल फार खाली गेलं होतं. ते त्यानं दोन बोटांत चोळलं, मग माझ्या बोटांवर घातलं. लोखंडाचा कीस लागत नव्हता. "दात ढिले हायत आप्पा, तुटके न्हाईत. ओढताना एका अंगाला घट्ट बसतात." तेल भरलं. मोकळी पळवल्यावर आवाज आला, पण निम्म्यानं.

व्याही म्हणाले, "उभी करायची का इथं?"

"आम्हाला पळवायची कुठं हाय? ओढायची हाय," मी म्हणालो. विहीणबाई पदराआड हसल्या असाव्यात. मी तिकडं पाहिलं नाही. आम्ही अर्धापूर सोडलं.

नांदेडला गोदावरीत पाण्यापेक्षा खडक जास्त दिसले. लोह्याच्या पुढं रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं ओळीनं बसली होती. मुक्काम अहमदपुरात केला. तिथल्या घाटात उतरताना जीप पुष्कळ घरघरली, गौसनं गाणं म्हणून तो आवाज झाकला. लातुरात नव्या जिल्हा कचेरीच्या पाटीचा रंग अजून चमकत होता. औसा ओलांडून काठावर पोचलो तेव्हा टँकर उभाच होता.

छोटी टाकी भरून जीपला जोडली. आखूड दांडा ओढायला गौसनं मला सांगितलं, मी ओढला. मधल्या वाळूत चाकं थोडी रुतली, जीप थबकली. काठावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मग पुढच्या चाकांनी वाळू धरली आणि टाकी हलली, डचमळत पलीकडं चढली. गोळ्यानं हूं का चूं केलं नाही.

आता खेपा चालू आहेत. रिकामी टाकी घेऊन जीप नदीकडं जाते तेव्हा घरघर पार देवळापर्यंत ऐकू येते. येताना गप्प असते. बायकांनी त्यावरून हिशेब बसवलाय: घरघर लांब जाऊन थांबली की घागरी उचलायच्या.

औशाच्या बाजारात लोक विचारतात, एवढी वाजणारी गाडी आप्पानं कशी काय पसंत केली. मी म्हणतो, कानानं कळतं. विहीणबाईंचं नाव तिथं घेत नाही. इथं लिहिलंय, तेवढं पुरे.