फौजदाराचे दगड

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत मी घर सोडून खालापूरला राहायला जायचं ठरवलं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. कर्जतजवळच्या दहिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला बसायला जागा उरली नव्हती, इतकंच. आणि ते माझ्या लक्षात आलं ते एका निळ्या माशामुळं.

आयुष्यभर मी मुंबईत एका छापखान्यात होतो. पहाटे निघायचो ते रात्री जेवायलाच परत. घर माझ्या नावावर, पण मी तिथं रविवारचा पाहुणा. आता हा पाहुणा कायमचा मुक्कामाला आला म्हटल्यावर कोण सहन करणार? कोचावर बसलो की बायको म्हणायची, "पाय वर घ्या, केर काढायचाय." स्वयंपाकघरात गेलो की, "अहो, मधे मधे येऊ नका." एकदा मी हौसेनं सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुपारपर्यंत ते परत जिथल्या तिथं. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

छापखान्यात मालकाच्या केबिनबाहेर माशांची टाकी होती आणि जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासमोर उभा असायचो. ते बघून निरोपाच्या दिवशी पोरांनी मला शाल-नारळाबरोबर तीन फुटी काचेची टाकी दिली. हॉलमध्ये बायकोचं शिलाई मशीन होतं, ते आत गेलं आणि त्या जागी टाकी आली. मशीन उचलताना तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, ते मी पाहिलं.

दुकानात गेलो होतो साधे गोड्या पाण्यातले मासे आणायला. पण कोपऱ्यातल्या टाकीत हा निळा फिरत होता. अंगठ्याच्या पेराएवढा. जन्म शाईत गेला माझा, पण असला निळा रंग मी कागदावर कधी उतरवू शकलो नाही. दुकानदार म्हणाला, "काका, हा खाऱ्या पाण्यातला. डॅमसेल म्हणतात. नव्या टाकीत पहिला हाच टाकायचा, लय चिवट असतो, मरत नाही." खोटं काही बोलला नाही तो. फक्त अर्धंच सांगितलं.

मग भोकाभोकांचे समुद्री दगड आले, पाणी फिरवायचा पंप आला, मिठाची पिशवी आली. कर्जतला नदी आहे, समुद्र कुठला? घरात समुद्र करतायत म्हटल्यावर इमारतीतले सगळे बघायला आले. पहिला प्रश्न प्रत्येकाचा तोच, खाता येतो का. बायको म्हणाली, "पेणला मिठागरं आहेत, तिथनं पोतं आणायचं होतं." मी म्हटलं, तसलं मीठ नाही चालत, हे वेगळं असतं. "म्हणजे मिठातही सोवळं-ओवळं आलं का?" म्हणाली आणि आत गेली.

टाकीतलं पाणी पंख्याच्या वाऱ्यानं आटायचं. मी इमानेइतबारे नवं खारं पाणी करून भर घालायचो. काही दिवसांनी मासा मलूल दिसायला लागला. खायला टाकलं तरी वर येईना. मी पुस्तकी शोध घेत बसलो. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "आमटी आटली तर तुम्ही वर परत मीठ घालता का?" झालं. पाणी उडून जातं, मीठ थोडंच उडतं? त्या दिवसापासून साधं गाळलेलं पाणी घालायला लागलो आणि मासा ताजातवाना झाला. पण माझा घात तिथंच झाला, कारण गाळलेलं पाणी म्हणजे तिच्या ओट्यावरच्या फिल्टरचं पाणी.

मासा ताजा झाला तसा त्याचा स्वभाव दिसायला लागला. टाकीत शेवाळ पुसायला हात घातला की येऊन चावायचा. दात असे नाहीत, पण दचकायला होतं. काचेला बोट लावलं की बोटावर धावून यायचा. आरसा धरला तर आरशातल्या माशाला इतक्या धडका दिल्या की मलाच लाज वाटून मी आरसा काढला. चिडला की टक्‌टक् असा बारीक आवाज करायचा. काचेला कान लावला की ऐकू यायचा. बायकोनं त्याचं नाव फौजदार ठेवलं.

मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. फौजदाराची खरी जागा म्हणजे उजवीकडच्या दगडाखालचं एक भोक. तिथली वाळू तो तोंडात धरून बाहेर नेऊन थुंकायचा, दिवसभर झाडलोट. डावीकडचा कोपरा त्याला कशालाही लागत नव्हता. कधी फिरकायचाही नाही. पण माझा हात डावीकडे गेला रे गेला, की साहेब तिकडे हजर. वापरायची नाही ती जागासुद्धा त्याचीच. एवढ्याशा जिवाला एवढी मालकी कशाला लागते? खुर्ची टाकून मी तासन् तास हेच बघत बसायचो.

मला वाटलं, बिचारा एकटा आहे म्हणून चिडतो. खरं तर एकटा मी होतो, पण ते तेव्हा कुठं कळतंय? मी त्याच्या सोबतीला क्लाउनफिशची जोडी आणली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. सोडल्या सोडल्या फौजदारानं दोघांना वरच्या कोपऱ्यात कोंडलं. खाली आले की धडक, खायला आले की धडक. संध्याकाळपर्यंत धाकट्याची शेपटी फाटली. तो पंपाच्या नळीमागं जाऊन थरथरत उभा राहिला. मला भयंकर वाईट वाटलं.

जखमी माशाला स्वच्छ पाणी हवं म्हणून दुसऱ्या दिवशी मी फिल्टरची टाकी पार उपसली. नेमकी त्याच दुपारी तिची बहीण पोराबाळांसकट जेवायला आली आणि घरात प्यायला पाणी नाही. पाहुणे गेल्यावर ओटा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "या घरात तुमचं काय कुठं ठेवायचं, हेच मला कळत नाही."

रागानं म्हणाली असती तर मी दोन शब्द उलट बोललो असतो. ती दमून म्हणाली. ते लागलं मला. खालापूरच्या पुढं एका गोदामात माझा जुना सहकारी होता. त्याला फोन केला. देखरेखीचं काम होतं, राहायला मागं खोलीही होती. आधी आठवडाभर करून बघा म्हणाला, जमलं तर त्यानंतरच्या सोमवारपासून कायम. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जा की. मी कशाला अडवू?" आणि थोड्या वेळानं, "पण जायच्या आधी तुमच्या माशांचं मिटवून जा. मला एकटीला ही मारामारी बघवायची नाही."

उपायही तिनंच काढला. तिच्या माहेरी, कडावच्या बाजूला, घरोघर कोंबड्या. नवी कोंबडी आणली की ती थेट अंगणात सोडत नाहीत, जुन्या टोचून मारतात. तिला काही दिवस डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली ठेवतात. जुन्या येतात, भोवती फिरतात, टोपलीला चोची मारतात, शेवटी कंटाळतात. मग टोपली उचलायची. आमच्याकडे भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली होती. तिनं ती सुतळीनं टाकीत लोंबकळत बांधली आणि जोडी आत ठेवली. फौजदारानं टोपलीला धडका मारल्या, टक्‌टक् केलं, मग खरोखरच कंटाळला. आम्ही दोघं खूश. टोपली काढली, आणि दुपारच्या जेवणाआधी धाकट्याची दुसरी बाजूही फाटली.

"कोंबड्या बऱ्या," बायको म्हणाली. मला त्यातही कुतूहल वाटलं. कोंबड्यांचं अंगण सगळ्यांचं असतं. याचं अंगण एकट्याचं होतं, त्याला पाहुणा ओळखीचा झाला काय नि नाही काय.

मग दुकानदाराला फोन केला. तो हसला. म्हणाला, "काका, त्याला वाटतंय टाकी त्याचीच आहे. सगळे दगड बाहेर काढा आणि वेगळेच लावा. मग तोपण नवा, तेपण नवे." तेव्हा सांगायला काय झालं होतं गाढवाला?

दगड काढायचं काम एकट्याचं नाही. मी टाकीत हात घालून उपसत होतो आणि बायको टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या टपात ते ठेवत होती. सगळे दगड निघाले, पण फौजदार दिसेना. मी वाळू चाचपतोय, पंप काढतोय, आणि मागनं ती म्हणते, "अहो, हा इथंय." शेवटच्या दगडाच्या भोकात तो तसाच बसून राहिला होता. घर उचललं तर घरासकट आला. तिच्या हातातल्या दगडातनं तो टपात टपकला आणि तिथंही तिच्या बोटाला चावला. ती हसली. कित्येक दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

दगड उलटसुलट लावले, उजवीकडचे डावीकडे, भोक भिंतीकडे. तिघांना एकदम सोडलं. फौजदार आधी उजवीकडे गेला. तिथं नुसती वाळू. मग वर, मग खाली, मग काचेला टेकून उभाच राहिला. रंगही जरा फिका वाटला. जोडीनं दोन फेऱ्या मारल्या आणि डावीकडची कपार धरली. तो बघत राहिला.

"मारत नाही तो," बायको म्हणाली.

"कशासाठी मारणार? त्याचं आता इथं काही नाही. त्यालाच शोधायचंय कुठं राहायचं ते."

"म्हणजे त्यालाही सापडेना झालं म्हणून जमलं?"

"तसंच."

ती ओल्या हातांनी बराच वेळ टाकीसमोर उभी होती. मग भात टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी वळकटी आणि बॅग घेऊन मी खालापूरला गेलो. खोली पत्र्याची होती, पण सगळी माझी. कुठंही बसा, कुठंही डबा ठेवा. पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसल्या बसल्या, आसपास कुणी नसताना, मी पाय वर घेतले. मग माझं मलाच हसू आलं आणि त्यानंतर मात्र रडूच येईल असं वाटायला लागलं. डोंगराकडे तोंड करून बसून राहिलो.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. त्यात माशांची खबर, बाकी काही नाही. धाकटा खातोय. फौजदारानं मधला दगड धरलाय. एकदा कुरबुर झाली, पण रक्त नाही. आठवडा सरत आला तेव्हा तिनं विचारलं, "दगड हलवताना एखादा जुन्याच जागी राहिला असता, तर जमलं असतं का हो?"

"बहुतेक नाही. तो तिथनंच परत सुरू झाला असता. का गं?"

"असंच."

शनिवारी घरी आलो. सोमवारी कायमचं जायचं होतं, म्हणून उरलेले कपडे न्यायला आलो होतो. जिन्यात तळमजल्यावरची शेजारीण भेटली. पोसरीकडची आहे, मनातलं पोटात ठेवायची सवय नाही. म्हणाली, "काका, काकींना काय झालंय? मला वर बोलावलं नि म्हनल्या, डबं सगळं तूच लाव, कुटं काय ठेवलंस ते मला सांगू नको. नि आपण बाहेर जिन्यात जाऊन बसल्या. असं कोन करतं काय?"

दार उघडलं आणि मला वाटलं मजला चुकला. कोच आतल्या खोलीत गेला होता. पलंग हॉलमध्ये आला होता. शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतं. देव्हाऱ्याची भिंत बदलली होती. भांड्यांची मांडणी ओट्याच्या उजवीकडे होती ती डावीकडे. टाकी तेवढी जागच्या जागी, आणि आत तिघं आपापल्या दगडापाशी.

बायको स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती, कुणाच्या तरी घरी आल्यासारखी.

"टाकी नाही हलली," ती म्हणाली. "जड आहे फार. बाकी सगळं हलवलं. एकही गोष्ट जुन्या जागी ठेवली नाही."

माझी बॅग तिनं दारातनं उचलली, हॉलमध्ये नेली, परत आत आणली. कुठं ठेवावी ते तिलाही सुचेना. शेवटी ती तिनं तशीच पोटाशी धरून ठेवली. सोमवारी मी गेलो नाही, हे इथंच सांगून टाकतो.

"चहा टाकतेस?" मी म्हटलं.

"टाकते."

"साखर कुठंय?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तुम्ही ती फळी बघा, मी ही बघते."