आतून लख्ख

अमरावतीच्या त्या कॉलेजात भगवंतच्या हाताला तोड नव्हती, निदान भगवंतचं तरी तसं ठाम मत होतं. लॅब अटेंडन्ट म्हणून त्याला चोवीस वर्षं झाली होती. सकाळी सातला खाटकाकडून बकऱ्याच्या मानेतली रक्तवाहिनी आणायची, बाहेरची चरबी सोलायची आणि कापसाची काडी आतून फिरवून नळी अशी लख्ख करायची की आरपार खिडकी दिसावी. दहाला डॉक्टर रागिणी मॅडम येत, तेव्हा नळीच्या चकत्या बशीत हजर असत.

मॅडमचा प्रयोग त्याला पाठ झाला होता. हिरवा उजेड देणारं एक जनुक पाण्यात मिसळायचं, त्यात चकती बुडवायची आणि विजेचे बारीक झटके द्यायचे. झटक्यानं पेशींना क्षणभर छिद्रं पडतात, तेवढ्यात जनुक आत शिरतं. दोन दिवसांनी चकतीची आतली बाजू हिरवी दिसली की जिंकलं. पुढे याच वाटेनं तुंबणाऱ्या रक्तवाहिनीत औषधाचं जनुक घालता येईल, असं मॅडम म्हणत. पण सहा महिने झाले तरी हिरवं काही दिसेना. झटका वाढवला की पेशी मरत, कमी केला की सगळं ढिम्म.

मग मॅडमच्या हाताखाली काम करायला प्रणाली आली. परतवाड्याकडच्या भाजीच्या मळ्यातली पोर, एम.एस्सी. झालेली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी तिला टेबलाशी चहाला बसवलं आणि भगवंतच्या पोटात दुखू लागलं. चोवीस वर्षांत त्याला त्या टेबलाशी कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

"काका, मले नळी साफ कराले शिकवा ना," ती म्हणाली.

शिकवायचं? म्हणजे उद्या हिनं आपल्याच डोक्यावर बसायचं! भगवंतनं तोंड गोड केलं.

"त्यात काय आहे पोरी? काडी आत घालाचीच नाई. नुसतं मिठाचं पानी हळूच सोडाचं. झालं."

चक्क खोटं. असली बुळबुळीत नळी पाहून मॅडम हिची कशी खरडपट्टी काढतात, याची तो वाट पाहत बसला.

दोन दिवसांनी मॅडम आनंदानं ओरडल्याच. प्रणालीची चकती आतून हिरव्या ठिपक्यांनी भरली होती. भगवंतची नेहमीसारखी काळीठिक्कर.

पुढचे तीन आठवडे तेच. भगवंतला अन्न गोड लागेना. "कावून धुमसून राहिले तुमी?" असं बायकोनं, पार्बताबाईनं, विचारलं तर तिच्यावरच खेकसला. खाटीक पोरीला ताजा माल देतो, मॅडम तिला चांगलं जनुक देतात, असे नाही नाही ते संशय त्यानं घेतले. आणि स्वतःची नळी तो दुप्पट घासू लागला. प्रणाली मात्र दर सोमवारी त्याला घरच्या मेथीची जुडी आणून द्यायची. "शिकवलं ना तुमी," म्हणायची. ती भाजी त्याच्या घशाखाली उतरत नसे.

अशात अकोल्याच्या संशोधकांच्या एका सभेत हा प्रयोग करून दाखवायचं ठरलं. नळी तयार करायला एकच माणूस सोबत जाणार होता. तो मान आपलाच, हे भगवंतनं मनाशी केव्हाच ठरवलं होतं.

कुणाला न्यायचं ते ठरवायला मॅडम एक दिवस सातलाच आल्या. "दोघांचंही काम बघते."

प्रणालीनं पाणी सोडलं. भगवंतनं ऐटीत काडी फिरवली आणि नळी उजेडाकडे धरली. "पाहा मॅडम, लख्ख!"

मॅडमनी ती काडी घेतली, काचेवर टेकवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"भगवंतभाऊ, जनुक ज्या पेशींत शिरायला हवं, त्या सगळ्या या कापसावर आहेत. सहा महिने मी वीज कमी-जास्त करत बसले, आणि तुम्ही रोज तो थरच पुसत होता." मग त्या प्रणालीकडे वळल्या. "तुला हे कुणी सांगितलं?"

"काकानंच. काडी घालाची नाई म्हणे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग स्वतः का घासत होता?"

गप्प राहिलं तर जाणूनबुजून प्रयोग बुडवला असं ठरणार होतं. खरं बोललं तर त्याहून लाज.

"मले माहीत नोतं मॅडम," तो शेवटी म्हणाला. "हिचं काम बिघडावं म्हणून तिले उलटं सांगतलं मी."

प्रणालीनं हातातली नळी बशीत ठेवली आणि ती बाहेर निघून गेली.

सोमवारी अकोल्याची गाडी फाटकाशी लागली. बर्फाचा डबा भगवंतनंच गाडीत ठेवून दिला. प्रणालीनं आत बसण्याआधी पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"मायनं पाठवली," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "शिकवल्याबद्दल. तिले मी काई सांगतलं नाई."