विहिरीतल्या तेलाची कुळी

गेल्या महिन्यात सुट्टीला गावी, दिंद्रुडला गेले होते. पोचल्या पोचल्या कळलं, माझे थोरले चुलते तात्या आणि धाकटे चुलते नाना एकमेकांशी बोलत नाहीत. दोन घरं, एक विहीर... आणि विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग.

नाना ट्रॅक्टर विहिरीजवळच धुतात. त्यामुळे दोषी कोण, हे तात्यांनी ठरवून टाकलं होतं. भर पारावर बोलूनही दाखवलं होतं. तेव्हापासून नानांच्या घरचं पाणी लांबच्या हापशावरून येत होतं.

माझं काम तेलाची कुळी काढण्याचं. कच्चं तेल कोणत्या खडकात तयार झालं, हे आम्ही लॅबमध्ये शोधतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्या शेवाळापासून ते बनलं, त्याचे काही रेणू तेलात टिकून राहतात... आणि ठिकाणागणिक त्यांचं प्रमाण वेगळं असतं. त्या तेलापासून केलेल्या इंजिन ऑइलमध्येही ही खूण बऱ्यापैकी उरते.

तीन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत विहिरीतला तवंग, दुसरीत नानांच्या ट्रॅक्टरचं ऑइल. तिसरीत विहिरीत सोडलेल्या तात्यांच्या जुन्या पाणबुडी मोटरीत भरतात ते, त्यांच्या डब्यातलं, कारण आसपासचं प्रत्येक तेल तपासायचं ही आमची रीत.

तात्या भडकले. "माझ्या मोटरीचं कावून घेती? तेल त्याच्या ट्रॅक्टरचं हाय!"

लॅबला परतल्यावर साहेबांची परवानगी काढून नमुने मशीनला लावले. ट्रॅक्टरचा आलेख वेगळाच आला. तवंगाचा आणि मोटरीचा मात्र एकावर एक ठेवावा इतका सारखा... म्हणजे मोटरीचं सील गेलं होतं, तेल तिथूनच पाण्यात गळत होतं.

फोनवर तात्यांना सांगितलं. तर म्हणाले, "मशीन चुकत न्हाई का?"

"चुकतं, तात्या. म्हणून दोनदा लावलं."

"मंग कागदावर लिहून दे, माय. मला त्याच्यापुढं तोंडानं बोलता यायचं न्हाई."

मी चार ओळींचा मराठी रिपोर्ट पाठवला. परवा तात्यांचा फोन आला. तो कागद घेऊन ते नानांकडे गेले होते. नानांनी घडी उघडलीसुद्धा नाही.

"तात्या, ह्यात माझं नाव निघालं असतं, तर तुमी आला असता का?" एवढंच विचारलं म्हणे. मग नानाच उठले, "चला, मोटर वर काढू" म्हणाले. दोघांनी मिळून काढली.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण नानांचा तो प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

कारण खरं सांगायचं तर, बाटल्या भरताना मलाही ते ट्रॅक्टरचंच वाटलं होतं. तिसरी बाटली मी निव्वळ सवयीने भरली...

नाना, तुम्ही फेसबुक बघता, माहीत आहे. मला माफ करा.